रायफलचं रीलोडिंग: केस ट्रिमिंग आणि काडतुसाची एकूण लांबी – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत स्थायिक झालेले बरेच मराठी लोक आता रेंजवर जातात, हरणाच्या हंगामात शिकारीला जातात, आणि वर्ष-दोन वर्षांत रीलोडिंगकडे, म्हणजे झाडलेली पितळी केस (काडतुसाचं कवच) वापरून काडतूस पुन्हा भरण्याकडे, वळतात. मग तेच प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, आणि त्यातले निम्मे लांबीबद्दलचे असतात. म्हणून ही उत्तरं एकत्र लिहिली आहेत. पावडरचं वजन इथे कुठेही दिलेलं नाही. ते बुलेट किंवा पावडर बनवणाऱ्या कंपनीच्या चालू मॅन्युअलमधूनच घ्यायचं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. केसची लांबी हा जिवाशी संबंध असलेला विषय आहे. बुलेट लँड्सपासून (बॅरलच्या आतल्या पिळाच्या उंच कडांपासून) किती मागे ठेवायची, हा बहुतांशी ग्रुप, म्हणजे लक्ष्यावरच्या छिद्रांचा पसारा, लहान-मोठा होण्याचा विषय आहे. लोक मेहनत नेमकी उलटी करतात: लँड्समागे महिनेच्या महिने घालवतात आणि केस मोजायचा कंटाळा करतात.

हे भारतात घरी करता येईल का?

परवान्याशिवाय नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ प्रमाणे दारूगोळा तयार करायला परवाना लागतो. बंदुकीचा परवाना आहे म्हणून काडतूस भरायची मुभा मिळत नाही. आपल्याकडे खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत काडतुसं बनतात, ती सरकारी व्यवस्थेत.

स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्य जिंकलं, तेव्हापासून "ते लोक काडतुसं स्वतः भरतात का?" असंही विचारलं जातं. त्या प्रकारात .२२ लाँग रायफल वापरतात आणि ते रिमफायर काडतूस आहे. प्रायमरचं (ठिणगी देणारं) रसायन केसच्या कडेतच भरलेलं असतं आणि एकदा पिन आपटली की कड दबून जाते. ते काडतूस पुन्हा भरण्याजोगं नसतं. इथलं सगळं लिखाण सेंटरफायर रायफलबद्दल आहे, म्हणजे जिच्या काडतुसात प्रायमर बुडाच्या मध्यभागी वेगळा बसवतात.

अमेरिकेत परवाना लागतो का? मी एच-१बी वर आहे.

स्वतःच्या वापरासाठी भरायला संघराज्य पातळीवर परवाना लागत नाही. विकायला मात्र लागतो. मित्राला पैसे घेऊन एक डबा दिला तरी तो प्रश्न उभा राहतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. राज्याचे आणि गावाचे नियम वेगळे असतात, ते तपासा.

व्हिसाचा मुद्दा जास्त गंभीर आहे. एच-१बी सारख्या नॉन-इमिग्रंट व्हिसावर आलेल्या माणसाला बंदूक आणि दारूगोळा बाळगायला सर्वसाधारणपणे बंदी आहे. वैध शिकार परवाना असणं यासारखे काही अपवाद आहेत. ग्रीन कार्डवाल्यांना ही बंदी लागू नाही. पण "अपवादात बसतो बहुतेक" एवढ्या भरवशावर प्रेस (काडतूस भरायचं यंत्र) विकत घेऊ नका. आधी वकिलाला विचारा. इमिग्रेशनची फाइल बिघडली तर ती दुरुस्त करायला वर्षं जातात.

केसची लांबी आणि काडतुसाची एकूण लांबी, या दोन गोष्टी वेगळ्या कशा?

केसची लांबी म्हणजे रिकाम्या पितळी केसच्या बुडापासून तोंडापर्यंतचं अंतर. एकूण लांबी म्हणजे भरून तयार झालेल्या काडतुसाच्या बुडापासून बुलेटच्या टोकापर्यंतचं अंतर. पहिली ट्रिमरने कापून ठरते, दुसरी सीटिंग डायच्या (बुलेट केसमध्ये दाबून बसवणाऱ्या साच्याच्या) स्क्रूने. एकीत बदल केला म्हणून दुसरी आपोआप बदलत नाही. केस दहा थाऊ कापली तरी डाय तशीच असेल तर एकूण लांबी तीच राहते, कारण सीटिंग स्टेम बुलेट दाबतो ते बुडापासूनच्या ठरलेल्या उंचीपर्यंत.

थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, साधारण ०.०२५ मिलिमीटर. ज्यांनी पिंपरी-भोसरीच्या वर्कशॉपमध्ये काम केलंय त्यांना हे सांगायला नको.

पितळ लांब होतंच कसं? धातू वाढतो का?

वाढत नाही, सरकतो. केसचं पितळ साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असतं. गोळी सुटताना दाबामुळे केस चेंबरच्या (बॅरलमधल्या काडतूस बसायच्या जागेच्या) भिंतीला जाऊन चिकटते. .३०८ विंचेस्टरसाठी सामी या अमेरिकन संस्थेने घातलेली दाबाची मर्यादा ६२,००० पीएसआय आहे. पुढचा भाग भिंतीला घट्ट धरलेला असतो आणि बूड मागे बोल्टकडे ढकललं जातं. ताण पडतो तो मधल्या भागावर, बुडाच्या थोडा वर. तिथलं पितळ ताणून पातळ होतं.

मग आपण ती फुगलेली केस पुन्हा मापात आणायला फुल-लेंग्थ डायमध्ये घालतो, म्हणजे साइझ करतो. डाय तिला चहूबाजूंनी दाबते, आणि दाबलेल्या पितळाला मोकळी वाट एकच असते, मानेकडे (बुलेट धरणाऱ्या तोंडाजवळच्या भागाकडे). वर एक्स्पांडर बॉल (मान आतून मापाची करणारा मणी) मानेतून ओढून बाहेर काढताना मान आणखी थोडी खेचली जाते. बॉल कोरडा असेल तर जास्तच. म्हणून मानेच्या आतल्या बाजूला वंगणाचा हलका हात फिरवा. ट्रिमिंगचं काम कमी होतं.

खरा उपाय डाय नीट लावण्यात आहे. डाय शेल होल्डरला टेकेपर्यंत खाली घ्या, वर आणखी थोडी फिरवा, असं जुन्या पत्रकात लिहिलेलं असतं. त्याने खांदा (केस मानेकडे निमुळती होते तो उतार) गरजेपेक्षा खूप मागे जातो आणि पुढच्या बाराला केस पुन्हा तेवढीच ताणली जाते. बोल्ट-ॲक्शनमध्ये झाडलेल्या केसचा खांदा एक-दोन थाऊ मागे घेतला की पुरतं. सेमी-ऑटोमध्ये तीन-चार. खांदा मोजायचा कंपॅरेटर कॅलिपरला लावता येतो, आणि ट्रिमर घेण्याआधी तो घ्या असं मी सांगेन.

केस जास्त लांब राहिली तर नेमकं काय बिघडतं?

चेंबरमध्ये मानेसाठी जागा असते, ती पुढे एका पायरीवर संपते आणि तिथून थ्रोट सुरू होतो, बॅरल अरुंद होत जातं. केस मर्यादेत असेल तर तोंड त्या पायरीच्या अलीकडे थांबतं. गोळी सुटताना मान थोडी फुगते, बुलेटवरची पकड सुटते आणि बुलेट निघून जाते.

केस लांब असेल तर बोल्ट बंद करताना तोंड त्या अरुंद भागात घुसतं आणि आत दुमडतं. बोल्टच्या तरफेला एवढा जोर असतो की हाताला फारसं जाणवतही नाही. आता मान फुगायला जागा नाही आणि तोंडाने बुलेट आवळून धरलेली आहे. पावडर जळतेय, बुलेट वेळेवर सुटत नाही, आणि दाब झपाट्याने चढतो. पावडरचं वजन मॅन्युअलप्रमाणे अगदी बरोबर असतानाही हे होतं. म्हणून प्रायमर चपटे दिसले, बोल्ट उचलायला जड गेला, तर लोक तराजूवर संशय घेतात आणि केसची लांबी तपासायची राहून जाते. तराजू तपासाच, पण कॅलिपरही हातात घ्या.

झाडलेल्या केसचं तोंड भिंगाखाली बघा. कड आत वळलेली, चकचकीत दबलेली दिसली, तर त्या लॉटमधली एकही काडतूस झाडू नका. सगळी इम्पॅक्ट पुलरने किंवा कॉलेट पुलरने मोकळी करा.

मर्यादेचे आकडे काय आहेत?

नेहमी विचारले जाणारे देतो. पहिला आकडा केसची कमाल लांबी, दुसरा काडतुसाची कमाल एकूण लांबी, दोन्ही इंचात, सामीप्रमाणे.

.२२३ रेमिंग्टन: १.७६०, २.२६०
.२४३ विंचेस्टर: २.०४५, २.७१०
६.५ क्रीडमूर: १.९२०, २.८२५
.२७० विंचेस्टर: २.५४०, ३.३४०
.३०-३० विंचेस्टर: २.०३९, २.५५०
.३०८ विंचेस्टर: २.०१५, २.८१०
.३०-०६ स्प्रिंगफील्ड: २.४९४, ३.३४०
.३०३ ब्रिटिश: २.२२२, ३.०७५

ट्रिम करायची लांबी बहुतेक वेळा कमाल लांबीपेक्षा दहा थाऊ कमी धरतात. म्हणजे .३०८ साठी २.००५, .२२३ साठी १.७५०. तरीही काम करताना आकडा मॅन्युअलमध्ये स्वतः बघून, कागदावर लिहून प्रेससमोर चिकटवा. स्मरणावर विसंबायचं हे काम नाही, माझ्याही नाही आणि तुमच्याही नाही.

मोजायचं कधी? झाडल्यावर लगेच?

साइझिंग झाल्यावर. झाडलेली केस फुगलेली असते, म्हणून लांबीला आखूड भरते. तीच डायमधून काढली की लांब होते. साइझिंगच्या आधी मोजून "मर्यादेत आहे" म्हणून पुढे गेलात तर त्या मोजण्याला अर्थ राहत नाही.

माझा क्रम असा: जुना प्रायमर काढणं, केस धुणं, वंगण लावून साइझ करणं, वंगण पुसणं, मोजणं, लागलं तर ट्रिम, मग तोंडाची आतली-बाहेरची कड साफ करणं, कीस झटकणं, आणि त्यानंतरच नवीन प्रायमर. प्रायमर बसवलेली केस ट्रिमरला लावू नका.

कॅलिपर आधी बंद करून शून्य दाखवतोय का बघा. जबड्यात पितळाचा एक कण अडकला तरी दोन-तीन थाऊचा फरक पडतो. केस जबड्यात सरळ धरा, हलकी फिरवा, सगळ्यात कमी येणारा आकडा घ्या. डिजिटल कॅलिपर सोयीचा आहे, पण बॅटरी उतरली की चुकीचे आकडेही मोठ्या विश्वासाने दाखवतो. मी डायलवाला वापरतो.

दर वेळी सगळ्या केस ट्रिम करायच्या का?

दर वेळी मोजायच्या, हे नक्की. ट्रिम किती वेळा लागेल ते काडतुसावर, चेंबरवर आणि डायच्या सेटिंगवर ठरतं. एआर-१५ या सेमी-ऑटो रायफलमधून झाडलेली .२२३ ची केस बऱ्याचदा पहिल्या साइझिंगलाच मर्यादा ओलांडते. खांदा जपून मागे घेणाऱ्या बोल्ट-ॲक्शनवाल्याला तीन-चार फेऱ्या ट्रिमरची गरज पडत नाही.

लॉट मोठा असेल तर मी सरसकट ट्रिम करतो. एकेक मोजून वेगळी काढण्यापेक्षा सगळ्यांवरून कटर फिरवलेला लवकर होतो, आणि सगळ्यांची मान सारख्या लांबीची राहते. क्रिम्प करणाऱ्यांना (केसचं तोंड बुलेटवर आवळणाऱ्यांना) तर हे लागतंच.

ट्रिमर कुठला घ्यावा?

महिन्याला शंभरेक काडतुसं भरत असाल तर ली कंपनीचा गेज आणि कटर पुरतो. त्याची पिन फ्लॅश होलमधून (केसच्या बुडातल्या भोकातून) खाली जाऊन टेकते आणि ठरलेल्या लांबीला कटर आपोआप कापायचं थांबतो. सेटिंग नाही, म्हणून बिघडण्यासारखंही काही नाही. मात्र एका कॅलिबरला एकच लांबी मिळते.

फॉर्स्टर, लायमन, एल. ई. विल्सन यांचे छोट्या लेथसारखे ट्रिमर बारीक सेटिंग देतात. विल्सनचा विशेष आवडतो, कारण त्यात केस कॉलेटने रिमला न धरता होल्डरमध्ये अंगाने बसते आणि तोंड काटकोनात कापलं जातं. हजारोंनी .२२३ भरणाऱ्यांनी जिरोडसारखा मोटरवाला घ्यावा. त्यात केस खांद्यावर टेकते, आणि ट्रिम, आतली कड, बाहेरची कड ही तिन्ही कामं एका दाबात होतात. खांद्यावर टेकणाऱ्या ट्रिमरची एक गोष्ट लक्षात ठेवा: खांदा वर-खाली असेल तर लांबीही तशीच वर-खाली येईल. म्हणून साइझिंग आधी एकसारखं झालं पाहिजे.

ट्रिम केल्यावर कडा घासणं गरजेचं आहे का?

हो. कटरने आत आणि बाहेर दोन्हीकडे बर (कापल्याची खरबरीत कड) राहते. बाहेरची बर चेंबरला ओरखडे पाडते, आतली बर बुलेट बसवताना तिच्या अंगावरून तांब्याचा पापुद्रा खरवडते. दोन-तीन हलके फेरे पुरतात. तोंड सुरीच्या पात्यासारखं धारदार होईपर्यंत घासत बसू नका. अशी पातळ कड लवकर फाटते.

चुकून जास्त कापली. फेकून देऊ?

ट्रिम लांबीपेक्षा पाच-दहा थाऊ कमी झाली तरी बाटलीच्या आकाराच्या, खांद्यावर हेडस्पेस घेणाऱ्या (म्हणजे खांदा टेकून चेंबरमध्ये किती आत जायचं ते ठरणाऱ्या) रायफल केसला सहसा काही होत नाही. बुलेट धरायला मान थोडी आखूड पडते एवढंच. अशा केस वेगळ्या ठेवा, सरावाला वापरा.

.४५० बुशमास्टर आणि .३५० लेजंड यांचं मात्र वेगळं आहे. या सरळ भिंतीच्या केस हेडस्पेस तोंडावरच घेतात. तिथे जास्त कापणं म्हणजे हेडस्पेस वाढवणं. ओहायो, मिशिगनसारख्या राज्यांत सरळ भिंतीच्या काडतुसांवर शिकार करणारे आपले बरेच लोक आहेत, त्यांनी ट्रिमर लावण्याआधी दहादा मोजावं.

ट्रिम केली की केस पुन्हा नव्यासारखी होते ना?

हा गैरसमज सगळ्यात घातक आहे. ट्रिमरने कापलेलं पितळ आलं कुठून? बुडाजवळच्या भिंतीतून. तेवढं तिथलं पितळ कमी झालेलं आहे आणि ते परत येत नाही. केस जितकी जास्त वेळा ट्रिम करावी लागते, तितकी ती आतून पातळ झालेली असते.

तपासायची पद्धत सोपी आहे. एक पेपरक्लिप सरळ करा, टोक थोडंसं काटकोनात वाकवा, टोक घासून अणकुचीदार करा. केसच्या आत बुडापर्यंत घाला आणि भिंतीला टेकवून हळूहळू वर ओढा. चांगल्या केसमध्ये तार गुळगुळीत वर येते. खराब केसमध्ये बुडाच्या थोडं वर टोक एका खाचेत अडखळतं. खाच बोटाला स्पष्ट कळते. बाहेरून त्याच जागी कधीकधी चकचकीत पांढुरकी रेघ दिसते, पण रेघ दिसेपर्यंत थांबू नका. खाच लागली की पक्कडीने केसचं तोंड चेपून भंगारात टाका, म्हणजे ती चुकून परत लॉटमध्ये येणार नाही. पुढच्या बाराला अशा केसचं बूड तुटून वेगळं होऊ शकतं. गरम वायू तिथून मागे, तुमच्या तोंडाकडे येतो. नेमबाजीचा चष्मा त्यासाठीच असतो.

माझ्याकडे ईशापूरची जुनी रायफल आहे. तिच्यासाठी काही वेगळं?

अमेरिकेच्या सरप्लस बाजारात ईशापूरच्या रायफली बऱ्याच आल्या आणि आपल्या लोकांना त्यांचं अप्रूप असतं, ते समजण्यासारखं आहे. दोन प्रकार नीट ओळखा. .३०३ मधली ली-एनफील्ड वेगळी आणि ७.६२ नाटोसाठी बनवलेली २ए, २ए१ वेगळी. बॅरलवरचे आणि बॉडीवरचे छाप वाचा, खात्री नसेल तर गनस्मिथकडून चेंबर तपासून घ्या.

.३०३ ची केस हेडस्पेस रिमवर घेते. लष्करी चेंबर खांद्याजवळ मुद्दाम ढिलं ठेवलेलं असायचं, चिखलमातीतही काडतूस आत जावं म्हणून. शिवाय ली-एनफील्डचा बोल्ट मागच्या बाजूला लॉक होतो, त्यामुळे दाबाखाली थोडी लवचिकता येते. परिणाम असा की नवी केस पहिल्याच बाराला बरीच ताणली जाते. फुल-लेंग्थ साइझ करत राहिलात तर चार-पाच फेऱ्यांत बूड तुटायची वेळ येते. इथे फक्त मान साइझ करणं शहाणपणाचं. केस त्याच रायफलमध्ये परत वापरायची, म्हणजे खांदा त्या चेंबरचा होऊन बसतो. पेपरक्लिप दर वेळी.

मॅन्युअलमध्ये २.८०० लिहिलंय, सामीची मर्यादा २.८१०, रेंजवरचा मित्र २.८६० वर भरतो. बरोबर कोण?

आपापल्या जागी तिघंही बरोबर असू शकतात. सामीचा आकडा असा आहे की त्या लांबीपर्यंतचं काडतूस प्रमाणित मॅगझिनमध्ये मावावं. मॅन्युअलमधला आकडा म्हणजे त्या कंपनीने त्या विशिष्ट बुलेटची चाचणी ज्या लांबीला घेतली ती लांबी. मित्राचा आकडा त्याच्या थ्रोटचा आणि त्याच्या लांब मॅगझिनचा.

सुरुवात मॅन्युअलच्या लांबीने करा. त्यातला दाब त्यांनी मोजलेला आहे. मित्राचा आकडा उचलू नका, कारण दुसऱ्या बुलेटचं नाक जाड असेल तर २.८६० ला ती तुमच्या लँड्समध्ये रुतेल. दोन १६८ ग्रेनच्या (ग्रेन हे बुलेटच्या वजनाचं एकक) बुलेट एकाच वजनाच्या आहेत म्हणून एकाच आकाराच्या नसतात.

माझ्या रायफलमध्ये लँड्स कुठे सुरू होतात, हे कसं शोधायचं?

दोन पद्धती भरवशाच्या वाटतात.

पहिली, हॉर्नेडी कंपनीचा गेज. बुडाला आटे पाडलेली केस त्याच्या दांड्यावर बसते, बुलेट तिच्या तोंडात सैल असते. केस चेंबरमध्ये खांदा टेकेपर्यंत घाला आणि आतल्या कांडीने बुलेट हळूच पुढे ढकला. लँड्सला टेकली की थांबते. जोर लावला तर बुलेट आत रुतते आणि आकडा जास्त येतो, म्हणून बोटाच्या टोकाने. चार-पाच वेळा करून सारखे येणारे आकडे धरा. बाजारातल्या त्या केसचा खांदा तुमच्या झाडलेल्या केसपेक्षा थोडा मागे असतो, तेवढा फरक उत्तरात मिळवा.

दुसरी, बोल्टमधून फायरिंग पिन आणि इजेक्टर काढून. पावडर आणि प्रायमर नसलेलं डमी काडतूस लांब बसवायचं आणि बोल्ट बंद करून बघायचा. बुलेट लँड्सला लागत असेल तर हँडल खाली येताना किंवा उचलताना चिकटल्यासारखं वाटतं. दोन-दोन थाऊ बुलेट खोल करत जा. ज्या लांबीला हँडल स्वतःच्या वजनाने मोकळं पडतं आणि मोकळं उठतं, तिथे स्पर्श संपला. वेळ लागतो, पण उत्तर तुमच्याच केसचं आणि तुमच्याच चेंबरचं मिळतं.

मग बुलेट किती मागे ठेवू?

बोल्ट-ॲक्शनला वीस थाऊ मागून सुरुवात करा. बऱ्याच बुलेट तिथे चांगल्या चालतात. पूर्ण तांब्याच्या बुलेटना जास्त अंतर लागतं. बार्न्स ही बुलेट बनवणारी कंपनी ५० थाऊपासून सुरुवात करायला सांगते. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची बुलेट चालत नाही, त्यामुळे तिथल्यांना हे लगेच लागू आहे. वेदरबीच्या काही मॅग्नममध्ये मुळातच थ्रोट एवढा लांब असतो की लँड्स गाठणं शक्य नसतं. तिथे तो नाद सोडा.

लँड्सला टेकवून किंवा आत रुतवून भरायला मी नवीन माणसाला स्पष्ट नाही म्हणतो. बुलेट आधीच टेकलेली असली की सुरुवातीचा दाब चढतो. वीस थाऊ मागे ठेवून बसवलेला लोड तसाच उचलून लँड्सवर नेला तर तो मर्यादेबाहेर जाऊ शकतो. पावडर कमी करून पुन्हा पहिल्यापासून वर यावं लागतं. दुसरी अडचण रेंजवर होते. "सीझ फायर"ची हाक येते, न झाडलेलं काडतूस बाहेर काढायला बोल्ट ओढता, केस बाहेर येते आणि बुलेट लँड्समध्येच अडकून राहते. पावडरचे दाणे मॅगझिनमध्ये, ट्रिगरच्या फटीत, लग्सच्या खाचांत सांडतात. मग बोल्ट काढून सगळं साफ करायचं, आणि क्लीनिंग रॉड नळीच्या तोंडाकडून घालून बुलेट मागे ठोकायची. शिकारीत असं झालं तर तो दिवस संपला.

बॅरल झिजतं तसे लँड्स पुढे सरकतात. दर काही शे बारांनंतर पुन्हा मोजा.

बुलेट जास्त खोल बसली तर दाब वाढतो की कमी होतो?

दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध ओढतात. आतली जागा कमी होते म्हणून दाब वाढतो, लँड्सपर्यंतची धाव वाढते म्हणून कमी होतो. रायफलच्या मोठ्या केसमध्ये दहा-वीस थाऊंनी फारसं बिघडत नाही. पिस्तुलाच्या छोट्या केसमध्ये तेवढ्यानेही दाब खूप चढू शकतो. रायफलमध्येही मॅगझिनमध्ये बसावं म्हणून बुलेट भरपूर खोल दाबली असेल, तर पावडर खालपासून पुन्हा चढवत या.

फीड होताना बुलेट मागे सरकत नाही ना, तेही बघा. लांबी मोजा, काडतूस अंगठ्याने टेबलाच्या लाकडी कडेवर दाबा, परत मोजा. आकडा बदलला तर मानेची पकड ढिली आहे.

डाय हलवली नाही, तरी लांबी पाच-सात थाऊंनी वर-खाली येते. डाय खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. सीटिंग स्टेम बुलेटच्या टोकाला धरत नाही, खाली ओजाइव्हच्या, म्हणजे बुलेटच्या नाकाच्या, वळणावर टेकतो. होलो-पॉइंट मॅच बुलेटची टोकं ओबडधोबड असतात, सॉफ्ट-पॉइंटचं शिसं खोक्यातच चेपतं. टोकापर्यंत मोजलं की तो सगळा फरक दिसतो, पण रायफलिंगला टोकाशी देणंघेणं नसतं. कॅलिपरला कंपॅरेटर लावून बुडापासून ओजाइव्हपर्यंत मोजा, बहुतेक काडतुसं एक-दोन थाऊत येतील. तिथेही फरक मोठा असेल तर पावडर दाबली जातेय का आणि मानेची पकड सारखी आहे का ते बघा.

टोकापर्यंतची लांबी मॅगझिनसाठी, ओजाइव्हपर्यंतची लांबी बॅरलसाठी. वहीत दोन्ही लिहा.

एआर-१५ मध्ये लांब काडतूस वापरता येतं का?

मॅगझिनमधून झाडायचं तर २.२६० च्या आसपासच राहावं लागतं. जागा मॅगझिनची, तुमचं-माझं मत तिथे चालत नाही. ६९ आणि ७७ ग्रेनच्या मॅच बुलेट त्या लांबीत बसतात. ८० ग्रेनची नाही बसत. म्हणून ओहायोतल्या कॅम्प पेरीसारख्या ठिकाणी, जिथे १९०७ पासून राष्ट्रीय स्पर्धा होतात, सर्व्हिस रायफलवाले ६०० यार्डांच्या स्लो फायरसाठी ८० ग्रेनची लांब काडतुसं भरतात आणि एकेक हाताने चेंबरमध्ये घालतात. त्याच स्पर्धेतल्या रॅपिड फायरची काडतुसं मॅगझिनच्या लांबीची असतात. दोन्ही डबे वेगळ्या रंगाचे ठेवा, लेबल मोठं लावा.

लीव्हर-ॲक्शनसाठी?

.३०-३० सारख्या नळीच्या मॅगझिनमध्ये काडतुसं एकामागे एक उभी असतात, बुलेटचं नाक पुढच्याच्या प्रायमरवर. म्हणून चपट्या नाकाची किंवा त्यासाठीच बनवलेली मऊ टोकाची बुलेट, आणि कॅनेल्यूरवर (बुलेटभोवतीच्या खाचेवर) क्रिम्प. क्रिम्प सगळ्यांवर सारखा बसायला केस सारख्या लांबीच्या हव्यात. लांब केसवर तो जास्त दाबला जाऊन खांदा फुगतो, आखूड केसवर लागतच नाही.

हॉर्नेडीच्या एफटीएक्स बुलेटचा अपवाद माहीत असू द्या. .४५-७० ची नेहमीची कमाल केस २.१०५ असते, पण ती बुलेट वापरताना केस २.०४० ला कापायला कंपनी सांगते. नाक लांब असल्याने नाहीतर एकूण लांबी ॲक्शनमधून जात नाही. त्या कापलेल्या केस बाकीच्यांत मिसळू देऊ नका.

रेंजवर पडलेलं पितळ उचलून वापरू का? नवीन कोऱ्या केसला ट्रिम लागतं?

कोऱ्या केसची तोंडं वाहतुकीत चेपलेली असतात. एक्स्पांडर फिरवा, मोजा, कडा हलक्या घासा. लांबी सहसा मर्यादेत असते, पण "सहसा" म्हणून डबाभर न मोजता भरू नका.

उचललेल्या पितळाचा इतिहास माहीत नसतो. कुठल्या चेंबरमधून, कितव्यांदा, काही कळत नाही. लष्करी ७.६२ च्या केसची भिंत बऱ्याचदा जाड असते, आत जागा कमी पडते आणि प्रायमर क्रिम्प केलेला असतो. मी हेडस्टॅम्पप्रमाणे (बुडावरच्या छापाप्रमाणे) वेगळं करतो, फुल-लेंग्थ साइझ करतो, प्रत्येकात तार घालतो, सगळं एका लांबीला ट्रिम करतो आणि पावडर सुरुवातीच्या वजनापासून चढवतो. बूड झिजलेलं, तोंड फाटलेलं किंवा रिम ओरबाडलेली केस सरळ भंगाराच्या बादलीत.